श्वास आणि रक्त : प्राणवायूचा शरीरांतील प्रवास

इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वेळीं, 'ऑक्सिजन' हा शब्द आमच्या खेड्यापाड्यांतील म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडीं बसला. नळकांड्यांसाठीं माणसें रात्रंदिवस धांवत होतीं. आणि त्या वर्षीच्या एप्रिलच्या २१ तारखेस नाशिक येथील एका रुग्णालयांत प्राणवायूच्या टाकीस गळती लागून पुरवठा थांबतांच थोड्याच वेळांत वीसांहून अधिक रोगी दगावले. आशाताई दारोदार जाऊन लोकांच्या बोटास चिमट्यासारखी एक लहान डबी लावीत व तिच्यावरील आंकडा वहींत लिहून घेत. ती साथ ओसरली, पण ती डबी पुष्कळ घरांतून अजून फडताळांत पडून आहे. आणि आंकडा सत्त्याण्णव आला म्हणजे काळजी नाहीं एवढेंच ज्ञान तिच्यासोबत मागें राहिलें आहे. हा आंकडा काय मोजतो, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय मोजीत नाहीं, हें समजण्यास प्राणवायु नाकांतून निघून कोठें कोठें जातो हें प्रथम पाहिलें पाहिजे. आजच्या पाठांत तेंच पाहूं.

आपल्या सभोंवतींच्या हवेच्या शंभर भागांत सुमारें ७८ भाग नत्रवायु व २१ भाग प्राणवायु असतो; उरलेल्या एका भागांत इतर वायु असतात. कर्बाम्लवायु, ज्यास शाळेंतील मुलें हल्लीं कार्बन डायऑक्साइड म्हणतात, तो अगदींच थोडा, म्हणजे दहा हजारांत सुमारें ४ भाग. आपण श्वास बाहेर सोडतों तेव्हां त्यांत प्राणवायु सुमारें १६ भागांवर उतरलेला असतो व कर्बाम्लवायु सुमारें ४ भागांवर चढलेला असतो. म्हणजे घेतलेल्या प्राणवायूपैकीं तीन चतुर्थांश आपण तसाच परत टाकतों. पाण्यांत बुडून श्वास बंद पडलेल्या मुलाच्या तोंडांत आपल्या तोंडानें हवा फुंकून त्यास वांचवितां येतें तें ह्यामुळेंच. आपला उच्छ्वास त्याच्या कामीं येण्याइतका चांगला असतो.

लोहाराचा भाता पुष्कळांनीं पाहिला असेल. भात्याच्या फळ्या एकमेकींपासून दूर केल्या म्हणजे आंतील जागा वाढते आणि हवा आपोआप शिरते. ती कोणी आंत कोंबीत नाहीं. छातीचें काम असेंच चालतें. छाती व पोट ह्यांच्यामध्यें घुमटाच्या आकाराचा एक स्नायूचा पडदा आहे. तो आखडला कीं सपाट होऊन खालीं सरकतो, त्याच वेळीं बरगड्या वर व बाहेर उचलल्या जातात, आणि वाढलेल्या पोकळींत हवा येते. फुप्फुसांस स्वतः ओढण्याची शक्ति नाहीं. छाती फुगते म्हणून तीं फुगतात. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस एका श्वासास सुमारें अर्धा लिटर हवा घेतो व मिनिटास १२ ते १६ श्वास घेतो. त्या अर्ध्या लिटरपैकीं जवळजवळ तिसरा हिस्सा नाक, घसा व श्वासनळ्या ह्यांतच अडकून निरुपयोगी होतो. म्हणून आजाऱ्याचे नुसते श्वास मोजून भागत नाहीं. ते किती खोल जातात हेंही पहावें लागतें. मिनिटास चाळीस श्वास घेणारा रोगी पुष्कळ हवा घेत आहे असें दिसलें तरी ती बरीचशी गळ्यांतच येरझारा करीत असण्याचा संभव असतो.

श्वासनळीस छातींत दोन फांटे फुटतात, त्यांस पुन्हां फांटे फुटतात, आणि असे वीसांहून अधिक वेळां फुटून शेवटीं द्राक्षांच्या घोंसांसारख्या सूक्ष्म फुग्यांपाशीं ती वाट संपते. ह्यांस वायुकोश म्हणतात. दोन्ही फुप्फुसें मिळून त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटी भरते. त्यांच्या भिंती उकलून पसरल्या तर सुमारें ७० चौरस मीटर जागा झांकेल. म्हणजे चांगल्या चारखणी घराची जमीन आपण छातींत घडी घालून बाळगतों. प्रत्येक वायुकोशास केंसाहूनही बारीक अशा रक्तवाहिन्यांचें जाळें बिलगलेलें असतें. एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस रक्त, आणि मध्यें मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पडदा.

ह्या पडद्यांतून प्राणवायूस रक्तांत कोण ढकलतें? कोणीही नाहीं. जसें पाणी उंचवट्यावरून सखल जागेकडे जातें, तसा वायु जेथें त्याचा दाब अधिक तेथून जेथें कमी तेथें जातो. वायुकोशांत प्राणवायूचा दाब अधिक, शरीर फिरून आलेल्या रक्तांत कमी. म्हणून तो रक्तांत शिरतो. कर्बाम्लवायूचें ह्याच्या उलट, म्हणून तो बाहेर पडतो. हा नियम वाचकांनीं मनांत नीट धरून ठेवावा. पुढें पेवाच्या प्रकरणांत तोच नियम माणसाचा जीव घेतांना दिसेल.

रक्तांतील पाण्यांत प्राणवायु फारसा विरघळत नाहीं. १०० मिलिलिटर रक्तांत असा विरघळलेला प्राणवायु अवघा ०.३ मिलिलिटर असतो. आणि शरीरास तर स्वस्थ बसल्या वेळींही मिनिटास सुमारें २५० मिलिलिटर लागतो. नुसत्या विरघळलेल्यावर जगावयाचें असतें तर हृदयास मिनिटाला ऐंशी लिटरांवर रक्त फिरवावें लागलें असतें. ही अडचण रक्तांतील तांबड्या पेशींनीं दूर केली आहे. ह्या पेशींत हिमोग्लोबिन नांवाचें लोहयुक्त द्रव्य खच्चून भरलेलें असतें. त्याच्या प्रत्येक रेणूस, चार बैठकांच्या टांग्याप्रमाणें, चार जागा असतात व प्रत्येक जागीं लोहाचा एक अणु प्राणवायूस धरून ठेवितो. एका पेशींत असे सुमारें सत्तावीस कोटी टांगे असतात. एक ग्रॅम हिमोग्लोबिन १.३४ मिलिलिटर प्राणवायु उचलतें. निरोगी पुरुषाच्या १०० मिलिलिटर रक्तांत तें सुमारें १५ ग्रॅम असतें. म्हणजे तेवढ्या रक्तांत २० मिलिलिटर प्राणवायु मावतो. भरलेले टांगे लालभडक दिसतात, रिकामे काळसर तांबडे. शाळेच्या पुस्तकांतील चित्रांत नीला निळ्या रंगवितात, त्यामुळें आपल्या अंगांत कांहीं रक्त निळें आहे अशी मुलांची समजूत होते. ती खोटी आहे. रक्त कोठेंही निळें नसतें.

तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. मरणाऱ्यांची जागा भरून काढण्यास हाडांतील मगज दर सेकंदास वीस लाखांहून अधिक नव्या पेशी घडवितो. जुन्या पेशींतील लोह शरीर टाकून देत नाहीं, जपून पुन्हां वापरतें. परंतु रक्तच अंगाबाहेर गेलें तर लोहही जातें. हा मुद्दा आमच्या आयाबहिणींच्या दुखण्याशीं जोडलेला आहे. त्याकडे शेवटीं येऊं.

आतां भरलेले टांगे पुढें कसे जातात? हृदय म्हणजे शेजारीं शेजारीं बांधलेले दोन पंप होत. उजवा पंप शरीरांतून परत आलेलें काळसर रक्त फुप्फुसांकडे पाठवितो. तेथून तें लाल होऊन डाव्या पंपाकडे येतें. डावा पंप तें सर्व शरीरास पोंचवितो. आणि तें पुन्हां उजव्याकडे येतें. ज्यांनीं जुन्या विहिरीवरील रहाटगाडगें पाहिलें आहे त्यांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. तींच गाडगीं भरून वर येतात, रितीं होतात, आणि पुन्हां खालीं जातात. दर ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर, मिनिटास सुमारें ७० ठोके. म्हणजे मिनिटास जवळजवळ पांच लिटर, आणि प्रौढ माणसाच्या अंगांत एकंदर रक्त असतें तेंही सुमारें तेवढेंच.

ही गोष्ट आज सोपी वाटते, पण ती समजण्यास मनुष्यजातीस फार काळ लागला. दुसऱ्या शतकांतील वैद्य गॅलेन ह्यानें असें शिकविलें कीं, यकृत अन्नापासून रक्त बनवितें आणि शरीराचे अवयव तें खाऊन संपवितात. हें मत युरोपांत सुमारें चौदा शतकें चाललें. इंग्लंडांतील विल्यम हार्वे ह्यानें इ. स. १६२८ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तें खोडून काढलें, आणि त्याच्या पुराव्यांतील एक नुसता साधा हिशेब होता. आपणही तो करून पहावा. मिनिटास पांच लिटर म्हणजे तासास तीनशें लिटर रक्त हृदयांतून बाहेर पडतें. तासाला तीनशें लिटर रक्त होईल इतकें अन्न कोण खातो? अर्थात् तेंच रक्त फिरून फिरून येत असलें पाहिजे. मात्र तें रोहिण्यांतून नीलांत कोणत्या वाटेनें जातें हें हार्वेस दिसलें नाहीं. तो १६५७ त वारल्यावर चार वर्षांनीं इटलींतील मालपीगी ह्यानें सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं बेडकाच्या फुप्फुसांत त्या केशवाहिन्या पाहिल्या.

रक्त हृदयाच्या उजव्या भागांतून डाव्या भागांत फुप्फुसांच्या मार्गानेंच जातें, हें तर हार्वेच्याही फार पूर्वीं, तेराव्या शतकांत, कैरो येथील वैद्य इब्न अल्-नफीस ह्यानें लिहून ठेविलें होतें. युरोपांत तेंच मिखाएल सर्व्हेटस ह्यानें इ. स. १५५३ त एका धर्मविषयक ग्रंथांत लिहिलें. त्याच वर्षीं त्याच्या धर्ममतांबद्दल जिनीव्हा येथील अधिकाऱ्यांनीं त्यास जिवंत जाळलें. कॅल्विन ह्यानेंच त्याच्यावर आरोप उभा केला होता. त्या ग्रंथाच्या तीनच मूळ प्रती आज उरल्या आहेत. प्रॉटेस्टंट इतिहासांतील हें पान झांकून ठेवावें असें आम्हांस वाटत नाहीं.

असो. रोहिण्या फुटत फुटत केशवाहिन्या होतात, आणि तेथें टांगे उतरतात. काम करणाऱ्या स्नायूंत उष्णता व आंबटपणा वाढलेला असतो, आणि अशा ठिकाणीं हिमोग्लोबिनाची पकड आपोआप ढिली होते. जेथें गरज अधिक तेथें अधिक प्राणवायु सुटतो. विश्रांतीच्या वेळीं आणलेल्यापैकीं सुमारें चौथाई भागच उतरविला जातो. नांगर धरल्यावर किंवा ओझें उचलून चढण चढतांना पुष्कळ अधिक. पेशी ह्या प्राणवायूनें साखर व चरबी अगदीं मंद आंचेवर जाळतात, आणि त्यांतून निघालेल्या शक्तीवर आपण चालतों, बोलतों व विचार करितों. सर्वांत खादाड अवयव मेंदु होय. शरीराच्या वजनाचा तो पन्नासावा हिस्सा, पण स्वस्थ असतांना एकंदर प्राणवायूचा पांचवा हिस्सा एकटा घेतो, आणि सांठा मुळींच ठेवीत नाहीं. रक्त थांबलें तर दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. चार-पांच मिनिटांनंतर कायमची इजा होऊं लागते.

आतां पेवाचें सांगतों. सांगलीजवळील हरिपुरास हळदीच्या पेवांचा मोठा लौकिक होता, आणि जोंधळ्याचीं पेवें तर पूर्वीं गांवोगांवीं असत. पेवांत धान्य टिकतें ह्याचें कारणच असें कीं, दाणा जिवंत असतो व तोही श्वास घेतो. तोंड लिंपून टाकल्यावर दाणे, बुरशी व किडे मिळून आंतील प्राणवायु संपवितात, कर्बाम्लवायु भरून राहतो, आणि पुढें कीड जगत नाहीं. जेथें कीड जगत नाहीं तेथें माणूसही जगत नाहीं. कर्बाम्लवायु हवेच्या दीडपट जड असल्यानें तोंड उघडलें तरी तो तळाशीं बसून राहतो. पालापाचोळा कुजलेल्या जुन्या आडांत हीच स्थिति असते. विहिरींत इंजिन उतरवून पाणी उपसलें तर धुरांतील विषारी वायूची आणखी भर पडते.

आम्हांस पुष्कळ जण विचारतात कीं, चांगला पोहणारा, दोन मिनिटें दम धरणारा तरुण पेवांत उतरतांच कसा कोसळतो? येथें तो दाबाचा नियम आठवावा. दम धरला असतां फुप्फुसांत राहिलेल्या हवेंत प्राणवायु असतो व रक्त तो थोडा थोडा घेत राहतें. परंतु प्राणवायु नसलेली हवा छातींत घेतली कीं वायुकोशांतील दाब रक्ताहून कमी होतो, आणि प्राणवायु उलट वाटेनें, रक्तांतून हवेंत, निघून जातो. प्रत्येक श्वास रक्त भरण्याऐवजीं रितें करितो. दोन-तीन श्वासांत असें रितें रक्त मेंदूस पोंचतें आणि माणूस ओरडण्यापूर्वीं पडतो. दुसरें असें कीं, आपणांस गुदमरल्यासारखें होतें तें मुख्यतः रक्तांत कर्बाम्लवायु वाढल्यामुळें. प्राणवायु कमी झाल्याची सूचना शरीर फार उशिरां व अस्पष्ट देतें. म्हणून जेथें नुसता प्राणवायु संपला आहे तेथें कांहींच कळत नाहीं; आणि जेथें कर्बाम्लवायु दाटला आहे तेथें धाप लागते खरी, पण त्या धापेसरशीं तीच वाईट हवा आणखी आंत ओढली जाते.

ह्यानंतर जें घडतें तें वर्तमानपत्रांतून आपण वरचेवर वाचतों. बाप पडला म्हणून मुलगा उतरतो, मुलगा पडला म्हणून चुलता उतरतो, आणि एका घरांतून तीन प्रेतें निघतात. वाचकांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, पडलेल्या माणसामागें कोणीही उतरूं नये. तो बाप असो कीं भाऊ असो. जो कोणी अशा जागीं प्रथम उतरणार असेल त्याच्या छातीस दोर बांधलेला असावा, व वर दोघे-तिघे असावे, म्हणजे न उतरतां त्यास ओढून काढतां येईल. पेव उघडून कित्येक तास मोकळें ठेवावें, व शक्य तर यंत्राच्या पंख्यानें आंत हवा घालावी. जुने जाणते लोक कंदील सोडून पहात. प्राणवायु १६-१७ भागांच्या खालीं गेला म्हणजे ज्योत विझते. म्हणून कंदील विझला तर उतरूंच नये. पण तो जळत राहिला म्हणजे सर्व ठीक आहे असेंही नव्हे, कारण इंजिनाच्या धुरांतील किंवा गटारांतील विषारी वायु ज्योत विझवीत नाहींत. शौचकूपाच्या टाकींत तर दिवा नेणें हेंच धोक्याचें, तेथें पेट घेणारा वायु असतो. अशा टाक्यांत व गटारांत संरक्षक साधनांवांचून माणूस उतरविणें इ. स. २०१३ च्या कायद्यानें गुन्हा आहे. तरीही तेथें कोणत्या वस्तींतील माणसें उतरविलीं जातात हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मजुरी दुप्पट देतों म्हणणाऱ्यास हा कायदा दाखवावा.

थंडीच्या दिवसांत दारें-खिडक्या लावून खोलींत कोळशाची शेगडी ठेवण्याची चाल, विशेषतः बाळंतिणीच्या खोलींत, अजून पुष्कळ ठिकाणीं आहे. कोंडलेल्या जागीं कोळसा अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास वास नाहीं, रंग नाहीं. तो हिमोग्लोबिनाच्या त्याच जागांवर येऊन बसतो, आणि त्याची पकड प्राणवायूच्या दोनशें पटींहून अधिक असते. टांगे भरलेले दिसतात, पण भलताच उतारू बसलेला असतो व तो उतरत नाहीं. डोकें दुखणें, मळमळ, झोंप, आणि मग ती झोंप मोडत नाहीं. अशा खोलींत कोणी निपचित आढळल्यास त्यास तत्काळ उघड्या हवेंत आणावें व रुग्णालयांत न्यावें. तेथें शुद्ध प्राणवायु देऊन तो उतारू हळूहळू हुसकावितां येतो.

आतां त्या बोटावरच्या डबीकडे वळूं. जपानांतील ताकुओ आओयागी ह्यांनीं इ. स. १९७४ त तिचें तत्त्व शोधून काढलें. ती बोटांतून लाल व डोळ्यांस न दिसणारा असे दोन प्रकाश पाठविते आणि भरलेल्या व रिकाम्या हिमोग्लोबिनाच्या रंगांतील फरकावरून शेंकडा किती जागा भरलेल्या आहेत तें सांगते. निरोगी माणसाचा आंकडा ९५ च्या वर असतो. न्यूमोनियांत वायुकोश पाण्यानें भरले म्हणजे तो घसरतो, आणि त्या कामीं ही डबी खरोखर उपयोगी आहे. परंतु शेगडीच्या विषानें पडलेल्या माणसाच्या बोटासही ती पुष्कळदां चांगलाच आंकडा दाखविते, कारण तिला तो भलता उतारू ओळखतां येत नाहीं.

आणि दुसरी गोष्ट ह्याहून नित्याची. डबी टांगे भरले आहेत कीं नाहीं हें सांगते. टांगे किती आहेत हें सांगत नाहीं. एखाद्या बाईचें हिमोग्लोबिन १४ च्या ऐवजीं ७ वर आलें असेल, तर तिच्या रक्तांत निम्मा प्राणवायु मावतो. पण जेवढे टांगे आहेत तेवढे सर्व भरलेले असल्यामुळें डबी तिलाही ९८ दाखविते. घरचे म्हणतात, ऑक्सिजन ठीक आहे, हिला कांहीं झालें नाहीं, ही कामाची आळशी. ती मात्र दोन घागरी आणतांना धापा टाकते, तिच्या छातींत धडधडतें, कारण कमी गाड्यांनिशीं तोच माल पोंचविण्यास हृदय जलद धांवत असतें. इ. स. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांचें रक्त कमी आढळलें. गरोदर स्त्रीचें ११ च्या खालीं असूं नये. ७ च्या खालीं गेलें तर बाळंतपणांतील थोडाही रक्तस्राव जिवावर बेतूं शकतो. पोटांतील बाळाचें हिमोग्लोबिन आईच्याहून घट्ट पकडीचें असतें, तें आईच्या रक्तांतून आपला वांटा ओढून घेतें. पण आईजवळच नसेल तर तें तरी किती ओढील?

रक्ताची खरी तपासणी बोट टोंचूनच होते, आणि ती प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते. लोहाच्या गोळ्या तेथें मिळतात. त्यांनीं शौच काळें होतें म्हणून घाबरून त्या टाकून देऊं नयेत. गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा घेतल्यास लोह अंगीं लागत नाहीं. लिंबू किंवा आंवळा घेतल्यास अधिक लागतें. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळपायांतून शिरणारे आंकडीचे कृमि आंतड्यांत बसून रोज रक्त पितात. त्यांचा नाश केल्यावांचून गोळ्यांचा गुण येत नाहीं.

नंदुरबार, गडचिरोली व विदर्भांतील कांहीं भागांतील आमच्या वाचकांस आणखी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. तेथें सिकलसेल हा आनुवंशिक रोग पुष्कळ आहे. ह्यांत हिमोग्लोबिनाची घडणच निराळी असते; प्राणवायु उतरल्यावर त्याचे रेणु एकमेकांस चिकटतात, पेशी विळ्यासारखी वांकडी होते, केशवाहिन्यांत अडकते, आणि हाडांत असह्य कळा येतात. १२० दिवसांच्या जागीं अशी पेशी दहा-वीस दिवसच टिकते. म्हणून रक्त नेहमींच कमी राहतें. आई व बाप दोघेही ह्या दोषाचे वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणीं मुलास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. वाहकांस स्वतःस बहुधा कांहीं त्रास होत नाहीं, त्यामुळें तपासल्यावांचून तें कळत नाहीं. इ. स. २०२३ पासून सरकारनें ह्यासाठीं राष्ट्रीय मोहीम चालविली आहे. सोयरीक ठरविण्यापूर्वीं दोघांचीही तपासणी करून घ्यावी असें आम्ही मंडळींतील आईबापांस सांगत असतों, आणि कित्येकांस त्याचा राग येतो.